पूजेला बसलेलं वाचनालय

शरद ऋतूत आकाश निरभ्र असतं आणि चांदणं टिपूर पडतं, असं मी पुस्तकांत पुष्कळदा वाचलं आहे. चेन्नैत, निदान आमच्या पेरुंगुडीत, शरद असा येत नाही. आमच्या इमारतीमागे महानगरपालिकेची आठवीपर्यंतची शाळा आहे. तिथे तिमाही परीक्षा संपते, आठवडाभर सुट्टी लागते, मग उत्तरपत्रिका वाटल्या जातात आणि दोन दिवस रस्त्यावरची मुलं जरा हळू चालतात. त्यावरून आम्ही शरद आला असं समजतो. घामाच्या बाबतीत काही फरक पडत नाही.

यंदा त्या सुमारास मी त्या शाळेत काही पुस्तकं द्यायला गेलो. फक्त द्यायला गेलो होतो, हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढे जे झालं त्यावरून आमच्या इमारतीत असा समज पसरला आहे की सुधींद्ररावांना समाजकार्याची आवड आहे. मला ती नाही. चार माणसांत बसायचं म्हटलं तरी माझ्या घशाला कोरड पडते, आणि पाचवं माणूस आलं की मी पाणी आणायच्या निमित्ताने उठतो.

पुस्तकं देण्याची कल्पनासुद्धा माझी नव्हती. दिवाळीला आमचा मुलगा दर्शन बायकोमुलांना घेऊन येणार होता, आणि ज्या खोलीत त्यांनी झोपायचं तिथे माझी पुस्तकं झोपली होती. माझी पत्नी भवानी कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली.

"अहो, एक सांगा. पोरं निजणार की पुस्तकं निजणार?"

मी म्हटलं, "दोघांचं काहीतरी जमवू."

"जमवूं नका. जुन्या पेपरवाल्याला हाक मारूं का, तेवढं सांगा."

आमच्या घरची मराठी तंजावरची. दोन-तीनशे वर्षांपूर्वी ती तिकडे गेली आणि तमिळच्या शेजारी संसार थाटून बसली. त्यामुळे तिच्यात जुने शब्द पुष्कळ टिकले आहेत आणि आज्ञार्थ तर सगळेच टिकले आहेत. पेपरवाल्याचं नाव ऐकताच मी चपला घातल्या आणि शाळेत गेलो.

मुख्याध्यापिका तिलकवती टीचर एका हाताने सकाळच्या उपम्याचा हिशोब लिहीत होत्या आणि दुसऱ्या हाताने डेंग्यूच्या डासांवरचं पत्रक वाटत होत्या. माझं म्हणणं त्यांनी पुरतं ऐकलं नाही. "पुस्तकं" एवढा शब्द ऐकला आणि मला थेट व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत नेलं. खोली मोठी होती, हवेशीर होती. आत एक तीन पायांचं बाक आणि एक पृथ्वीचा गोल होता. गोलाचा दक्षिण ध्रुव उंदरांनी खाल्लेला होता.

"सार, ही खोली वाचवायची आहे," त्या म्हणाल्या. "विभागाच्या ऑफिसला ती सायकली ठेवायला हवी आहे. सरकारी मोफत सायकली. तीनशे."

"तुमच्या मुलांसाठी?"

"आमची आठवीपर्यंतची शाळा. सायकली अकरावीला मिळतात. आमच्याकडे सायकल मिळणारं एकही मूल नाही, म्हणूनच इथे सुरक्षित राहतील, असं ऑफिसचं म्हणणं आहे."

या युक्तिवादात मला खोट सापडेना. मी नोकरीची छत्तीस वर्षं सरकारी अभिलेखागारात काढली आहेत. असे युक्तिवाद मी फायलींना दोरा बांधता बांधता पुष्कळ पाहिले आहेत.

टीचरनी एक चार पानी फॉर्म काढला. खोली वापरात आहे असं सिद्ध झालं तर सायकली दुसरीकडे जातील. वाचनालय म्हणून वापर दाखवायचा तर पुस्तकं किमान चारशे हवीत. त्याखाली असतील तर फॉर्मच्या दृष्टीने ते वाचनालय नसून कपाट. अधिकारी स्वतः येऊन पाहणार, आणि तिसऱ्या पानावर एक रकाना भरणार. तो रकाना मी तेव्हा वाचला होता आणि त्यात मला काही अवघड वाटलं नव्हतं. "पाहणीच्या वेळी प्रत्यक्ष पुस्तक वाचत असलेल्या व्यक्तींची संख्या." हे सगळं विजयादशमीच्या दुपारपर्यंत व्हायला हवं होतं, कारण सोमवारी सायकलींची लॉरी निघणार होती.

घरी येऊन मोजली तर मुलांना देता येतील अशी तमिळ आणि इंग्रजी पुस्तकं एकशे त्र्याहत्तर भरली. मराठी मी बाजूला ठेवली होती. तमिळ शाळेत मराठी पुस्तकं कोण वाचणार?

इथवर गोष्ट माझ्या हातात होती. मग मी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या राममूर्तींना भेटलो.

राममूर्ती एन्नोरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले इंजिनिअर. कुठल्याही कामाकडे ते बॉयलरसारखं बघतात: दाब वाढवला की काम होतं. "राव सार, चारशे म्हणजे काय मोठं?" असं म्हणत त्यांनी लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचायच्या आत इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप टाकला. खाली माझं नाव, माझा फोन आणि माझ्या घराचा नंबर.

त्या संध्याकाळपासून आमच्या दाराची घंटा थांबली नाही. लोकांच्या घरात काय काय असतं याची मला कल्पना नव्हती. संगणकाच्या अशा भाषांची जाडजूड पुस्तकं आली, ज्या भाषा बोलणारे संगणक आता हयात नाहीत. अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षेची गाइडं आली, मधुमेहींच्या पाककृती आल्या, एकाच स्वामींच्या प्रवचनाच्या अकरा प्रती आल्या आणि एका वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक आलं. ते देणाऱ्या बाई म्हणाल्या, "अंकल, यात सात भाषा आहेत." खुद्द राममूर्तींनी बॉयलरच्या देखभालीचे तीन खंड दिले. "मुलांना लहानपणापासून सवय हवी," ते म्हणाले.

नको म्हणायला मला कधीच जमलं नाही. मी सगळ्यांचे आभार मानले आणि प्रत्येक पुस्तकाची यादीत नोंद केली. यादी तीन प्रतींत करायची होती. वॉशिंग मशीनचं पत्रक विज्ञानात घालावं की भाषांत, यावर माझा एक पूर्ण दिवस गेला.

पुरुषोत्तमराव मला यादी करताना बघायला येत. ते मूळचे नागपूरचे, चेन्नैजवळच्या आवडी या गावातल्या संरक्षण कारखान्यातून निवृत्त झाले आणि इथेच राहिले. त्यांची मराठी पुस्तकातल्यासारखी आहे, आणि माझी मराठी ते ऐकतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर डॉक्टर नाडी बघताना जसे दिसतात तसे भाव असतात.

"सुधींद्रराव, एक विचारू? एवढी मोठी उठाठेव करताय, तर मराठी पुस्तकं का नाही देत?"

"वाचणार कोण?"

"तसं बॉयलर तरी कोण वाचणार आहे?"

त्यांचं म्हणणं भवानीने स्वयंपाकघरातून ऐकलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत असताना फाटकापाशी एक रिक्षा थांबली आणि तिच्यातून माझी सगळी मराठी पुस्तकं उतरली. मी फोन केला तर ती म्हणाली, "पोरांचे पलंग कुठें टाकूं मग? मी तेव्हांच सांगटलें होतं तुम्हाला." एकूण आकडा चारशे बारा झाला, आणि मी हरलो की जिंकलो हे मला समजेना.

आता खरी अडचण. शाळेची सुट्टी संपली होती, नवरात्र चालू होतं, आणि तिलकवती टीचरनी गुरुवारी वाचनालयाचं उद्घाटन ठरवलं.

"सार, तुम्ही दोन मिनिटं बोला."

मी म्हटलं, मी बोलत नाही. त्या म्हणाल्या, आता बोलताय की. मी म्हटलं, असं बोलतो, तसं बोलत नाही. त्यांनी ते लाजणं समजून सोडून दिलं आणि कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव घातलं. दोन मिनिटं म्हणजे एकशे वीस सेकंद. मी तीन दिवस ते सेकंद मोजले. जेवण जाईना. पहिलं वाक्य "प्रिय मुलांनो" असावं की नुसतं "मुलांनो", इथेच मी अडकून पडलो. प्रिय म्हणावं इतकी ओळख नव्हती.

बुधवारी सकाळी मला सुटकेची वाट दिसली. "टीचर," मी म्हटलं, "उद्घाटनाऐवजी सरस्वतीपूजाच केली तर? पुस्तकं आहेतच. भाषणाची गरज राहणार नाही."

त्यांना ते फार आवडलं. शुक्रवारी सरस्वतीपूजेची सुट्टी, म्हणून शाळा आणि ऑफिसं आपापली पूजा गुरुवारीच उरकतात. मी घरी येऊन पोटभर जेवलो. आपण केवढी मोठी चूक केली आहे, याचा मला पत्ता नव्हता.

ज्यांना इकडची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सरस्वतीपूजेला पुस्तकं देवीपुढे रचतात, चंदन-कुंकू लावतात. एकदा ती पूजेला बसली की विजयादशमीच्या सकाळी दुसरी पूजा होईपर्यंत कोणी त्यांना हात लावत नाही. वाचायचं नाही, लिहायचं नाही. तमिळनाडूतली मुलं हा सण अत्यंत भक्तिभावाने पाळतात. विशेषतः गणिताचं पुस्तक पूजेत ठेवताना त्यांच्या चेहऱ्यावर जी श्रद्धा दिसते ती मोठमोठ्या देवळांत दिसत नाही.

रीत अशी आहे की घरातली दोन-चार पुस्तकं ठेवायची. गुरुवारी मी दोन-चार निवडायला बसलो. राममूर्ती म्हणाले, बॉयलरचा पहिला खंड तरी ठेवा. पुरुषोत्तमराव म्हणाले, मग मराठीतलं एक हवंच. मधुमेहींच्या पाककृती देणाऱ्या बाई आल्या होत्या; त्या काही म्हणाल्या नाहीत, पण नुसत्या बघत राहिल्या, आणि मला ते बघणं सहन होईना. कोणाचं पुस्तक ठेवायचं आणि कोणाचं नाही? मी सगळीच ठेवली. चारशे बारा. मुलांनी आपापली दप्तरं रिकामी केली. टीचरनी हजेरीची वहीसुद्धा ठेवली. चुरमुरे, डाळं, गूळ आणि चण्यांचं सुंडल वाटलं गेलं. अडीच वाजता, भिंतीवरचं डेंग्यूचं पत्रक सोडलं तर, त्या सबंध शाळेत वाचता येईल असा कागदाचा तुकडा उरला नव्हता, आणि मी आयुष्यात क्वचित इतका समाधानी होतो.

तीन वाजता विभागाचे अधिकारी आले.

जीपला दोन्ही बाजूंनी केळीची रोपं बांधलेली होती. त्यांच्या कपाळावर ताजं चंदन होतं आणि हातात चुरमुऱ्यांची पुडी होती. त्यांच्याही ऑफिसात सकाळी पूजा झाली होती. माणूस शांत होता, थकलेला होता, माझ्यासारखाच पायरीवर जपून पाय ठेवणारा होता.

"वाचनालय?"

"हेच, सार," टीचर म्हणाल्या.

"पुस्तकं?"

टीचरनी फुलांच्या राशीकडे बोट दाखवलं.

"वाचक?"

चाळीसेक मुलं चटईवर बसून सुंडल खात होती. अधिकाऱ्यांनी फॉर्मचं तिसरं पान उघडलं, मुलांकडे बघितलं, राशीकडे बघितलं आणि सुस्कारा सोडला.

"कोणी थोडंसं वाचून दाखवेल का? एकाने वाचलं तरी चालेल."

मग पुढच्या रांगेतली हरिणी नावाची सहावीतली मुलगी उठून उभी राहिली. "सार, आज पुस्तक उघडलं तर वर्षभर डोक्यात काही शिरत नाही."

अधिकारी विचारात पडले. "हो," ते म्हणाले, "ते खरं आहे."

पुरुषोत्तमराव पुढे झाले. "आमच्याकडे एवढं कडक नसतं."

"मग उचला की तुम्ही एक," राममूर्ती म्हणाले.

पुरुषोत्तमरावांनी हात पुढे केला. तो सगळ्यात वरच्या पुस्तकापर्यंत गेला, तिथे थांबला, त्यावरचं घसरलेलं झेंडूचं फूल त्याने नीट बसवलं आणि तो परत आला. "सुरुवात मीच करावी असं काही नाही," ते म्हणाले.

राममूर्तींनी दाब वाढवून बघितला. भिंतीवरचं डेंग्यूचं पत्रक वाचलं तर? अधिकाऱ्यांनी रकाना दाखवला: पुस्तक असं लिहिलं होतं. मोबाइलवर वाचलं तर? त्यांनी रकाना पुन्हा दाखवला.

"टीचर, मला शून्य लिहावं लागेल," ते म्हणाले. त्यांनी टीचरकडून पेन्सिल मागून घेतली, कारण त्यांचं पेन ऑफिसात पूजेत होतं. तिसऱ्या पानावर एक छोटं, गोल शून्य काढलं. पेन्सिलीने लिहिलेलं लिहिण्यात धरत नसावेत. "शिक्काही पूजेतच आहे. शनिवारी सकाळी उठेल. नऊ वाजता मी शिक्का घेऊन इकडून जाणार आहे. तेव्हा इथे वाचक दिसले तर हे खोडेन. नाही दिसले तर यावरच शिक्का मारेन. माझा नाइलाज आहे."

शनिवार म्हणजे विजयादशमी. इकडे त्या दिवशी लहान मुलांचं नाव शाळेत घालतात म्हणून टीचर हजर राहणार होत्या. पण बाकीच्या मुलांना सुट्टी. सुट्टीच्या सकाळी नऊ वाजता पुस्तक वाचायला शाळेत कोण येतं? मी आलो असतो. पण मी सत्तरीचा आहे, आणि माझ्या लहानपणी मला मित्र नव्हते.

टीचर माझ्याजवळ आल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "सार, पाच वर्षं झाली मला इथे. या मुलांना परीक्षेशिवाय पुस्तक माहीत नाही. ही एक खोली आहे. तुम्ही सांगा त्यांना. माझं सांगणं ती रोजच ऐकतात."

म्हणून मी उठलो. मला एवढंच म्हणायचं होतं: मुलांनो, शनिवारी या. तीन शब्द. चाळीस तोंडं माझ्याकडे वळली आणि ते तीन शब्द कुठे गेले ते मला अजून सापडलेले नाहीत. अधिकाऱ्यांच्या तोंडातला चुरमुरा कुरकुरला तेवढाच आवाज झाला.

"एक दीपगृह होतं," मी म्हटलं. तमिळमधून.

हे मी का म्हटलं, मला माहीत नाही. तरुणपणी वाचलेली एक गोष्ट आठवते आहे असं वाटलं. समुद्रकाठचं दीपगृह, त्याला एकशे आठ पायऱ्या, वर एकटा रखवालदार. रोज पहाटे त्याला पायऱ्यांवर ओल्या पावलाचे ठसे दिसतात. फक्त डाव्या पावलाचे. वर जाणारे. खाली येणारे नाहीत.

"फक्त डावा पाय, ताता?" हरिणीने विचारलं. ताता म्हणजे आजोबा. मला घराबाहेर असं कोणी म्हटलेलं नव्हतं.

"फक्त डावा," मी म्हटलं, आणि घाबरून पुढे गेलो. पुढे दुसऱ्याच कुठल्यातरी पुस्तकातला पोपट मध्ये शिरला. त्याला परत पाठवायला वेळ नव्हता. पोपट दीपगृहाच्या खिडकीत बसतो, तो पाय कोणाचा हे त्याला ठाऊक आहे, पण तो तंजावरच्या राजवाड्यातला असल्यामुळे फक्त मराठी बोलतो आणि रखवालदाराला मराठी येत नाही. शेवटी रखवालदार मराठी जाणणारा एक टपालवाला शोधून आणतो. टपालवाला धापा टाकत एकशे आठ पायऱ्या चढतो. पोपट त्याच्याकडे बघतो. चोच उघडतो.

आणि शाळा सुटल्याची घंटा झाली.

"पोपट काय म्हणाला?" चारपाच आवाज एकदम आले.

मला माहीत नव्हतं. "ते," मी फुलांच्या राशीकडे हात केला, "पुस्तकात आहे."

"कुठल्या?"

"त्यातल्याच एका."

मुलं राशीकडे बघत राहिली. पण पुस्तकं पूजेला बसली होती.

शुक्रवार माझा फार वाईट गेला. ती गोष्ट कुठल्या पुस्तकातली ते मी सकाळपासून आठवत होतो. दीपगृह एका पुस्तकात होतं, त्यात पोपट नव्हता. पोपट ज्यात होता त्यात समुद्रच नव्हता. टपालवाला कुठेच नव्हता. दुपारी माझ्या लक्षात आलं की ती गोष्ट चारशे बारांपैकी एकाही पुस्तकात नाही. मी, ज्याने आयुष्यात दुसऱ्याच्या फायलीत स्वल्पविरामसुद्धा घातला नाही, तो चाळीस मुलांपुढे आणि एका सरकारी अधिकाऱ्यापुढे खोटं बोललो होतो.

भवानीने ताक पुढे ठेवलं. "चेहरा असा कां? शनिवारीं पोरं येणार नाहींत म्हणून?"

"आली तर काय करू, म्हणून."

"बरं सरि, तें सोडा," ती म्हणाली, आणि माझ्यासमोर बसली. "पुरुषोत्तमरावांच्या घरून कळलं मला सगळं. तो पोपट काय म्हणाला?"

मी ताक घेऊन गॅलरीत गेलो.

शनिवारी आठ वाजता मी शाळेच्या कोपऱ्यावर पोचलो आणि तिथेच थांबलो. फाटकापाशी मुलं होती. गुरुवारी होती त्याहून जास्त. काहींनी धाकटी भावंडं आणली होती. मी त्यांच्या मागून आत गेलो. आत तांदळाच्या ताटात बोट धरून "अ" लिहायला आलेली तीन-चार वर्षांची पोरं रडत होती, आणि टीचर एकाच वेळी पूजा, नावनोंदणी आणि रडू सांभाळत होत्या. दुसरी पूजा झाली, आरती फिरली, आणि टीचरनी सगळ्यात वरचं पुस्तक उचललं. त्यानंतर मला फक्त पाठी दिसत होत्या.

चाळीसपेक्षा जास्त मुलं चारशे बारा पुस्तकांत पोपट शोधत होती. शिस्तीने शोधत होती. एक जण डोळे मिटून पान उघडत होता आणि मग पंधरा-पंधरा ओळी वाचून बघत होता. मधुमेहींच्या पाककृतींत कारल्याचा रस सापडल्याचं कोणीतरी मोठ्याने जाहीर केलं. हरिणीने मराठी पुस्तकांचा गठ्ठा माझ्यापुढे आणून ठेवला. पोपट मराठी बोलतो, तर तो यातच असणार, हे तिचं म्हणणं बिनतोड होतं. मी एक उघडलं आणि दोन ओळी वाचून त्यांचा अर्थ तमिळमध्ये सांगितला. पोपट नव्हता. तिने दुसरं पुढे केलं.

नऊ वाजून पाच मिनिटांनी अधिकारी आले. दारात उभे राहून त्यांनी बोटाने मोजायला सुरुवात केली. दोनदा मोजलं. मग आत येऊन माझ्याशेजारी चटईवर बसले आणि अगदी हळू विचारलं,

"पोपट काय म्हणाला?"

आता लपवणं शक्य नव्हतं. "साहेब, ती गोष्ट यातल्या कुठल्याच पुस्तकात नाही. मला वाटतं ती माझ्याकडूनच झाली."

अधिकाऱ्यांनी तिसरं पान काढलं आणि ते बराच वेळ बघत राहिले. मला माझ्या मराठी पुस्तकांवर तीनशे सायकली उभ्या दिसायला लागल्या.

"इथे वाचत असलेल्या व्यक्तींची संख्या विचारली आहे," ते म्हणाले. "काय शोधत आहेत, असा रकाना नाही." त्यांनी खोडरबर मागून घेतला, शून्य खोडलं, पेनने त्रेपन्न लिहिलं आणि शिक्का मारला. शिक्क्यावर अजून कुंकू होतं, त्यामुळे ठसा लाल उमटला. "मुलांना सांगितलंत?"

"नाही."

"सोमवारी सांगा. आज आकडा चांगला आहे."

सायकली कुठल्याशा हायस्कुलात गेल्या. तिथे त्या ज्यांना मिळायच्या ती मुलं शिकतात, त्यामुळे ऑफिसात थोडी काळजी होती असं ऐकलं.

सोमवारी मी शाळेत गेलो. कबुलीजबाब पाठ केला होता; या वेळी "मुलांनो" एवढ्यावर ठरलं होतं. खोलीत सगळी मुलं होती, आणि काहींच्या हातात ती पुस्तकं होती ज्यांत पोपट नाही हे त्यांना शनिवारीच कळलं होतं. मी उभा राहिलो.

"मुलांनो," मी म्हटलं, "पोपट यातल्या एकाही पुस्तकात नाही. ती गोष्ट मी केली होती. तुमचा वेळ गेला. मला माफ करा."

दाराजवळ तिलकवती टीचर हजेरीची वही छातीशी धरून उभ्या होत्या. हरिणीने हातातलं पुस्तक मिटलं, मधे बोट ठेवून.

"मग तर तुम्हालाच माहीत असणार, ताता," ती म्हणाली. "काय म्हणाला?"

इतकी माणसं माझ्यासाठी गप्प बसली आहेत, असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. घशाला कोरड पडली होती. पाणी आणायच्या निमित्ताने उठावं, तर मी उभाच होतो. पोपट चोच उघडून चार दिवस थांबला होता, आणि तो काय बोलणार आहे हे मला खरोखर ठाऊक नव्हतं. मी चष्मा पुसला आणि तोंड उघडलं.

"बसा," पोपट म्हणाला, मराठीतच, "गोष्ट जरा लांब आहे."